टेबलाला वळसा

टेबल बाहेर ट्रकमध्ये चढलं होतं, त्याच्या पाठोपाठ खुर्च्याही गेल्या होत्या, आणि नवरा आतल्या खोलीतून निघून हात धुवायला चालला होता. मोकळ्या फरशीवर मधोमध येताच तो थबकला, डावीकडे वळला, कमरेच्या उंचीवर हात किंचित पुढे धरून टेबलाच्या कोपऱ्याभोवती फिरला, खुर्चीच्या पाठीवर बोटं टेकवावीत तशी हवेत टेकवली आणि मग सरळ होऊन बेसिनकडे गेला. तिथे टेबल नव्हतं की खुर्ची नव्हती. फरशीवर चार पायांचे काळपट ठसे होते आणि एक कागदाची घडी, जी इतकी वर्षं डुगडुगणाऱ्या पायाखाली दबून राहिली होती. सामान नेणारे दोघे गडी गादी उचलून दारात उभे होते, ते तसेच उभे राहिले. एकाच्या तोंडावर हसू येऊ घातलं होतं ते त्यानं गिळलं. ती ओट्यापाशी बशा गुंडाळत होती. हातातली बशी अर्धी वर्तमानपत्रात, अर्धी उघडी राहिली. टेबल गेलं हे तिनं सांगायला हवं होतं. या घराचा तो कायदाच होता, आणि तो तिनंच केला होता, आणि आज घर उचलायच्या गडबडीत तिलाच त्याची शुद्ध राहिली नव्हती. नळाचं पाणी वाहत होतं. नवरा हात धूत होता, नेहमीसारखा मनगटापर्यंत, सावकाश, आणि खुंटीवरचा टॉवेल घ्यायला त्यानं उजवा हात मागे नेला. टॉवेलही बांधून झाला होता. खुंटी तेवढी होती. तिनं पदराला हात पुसले, पुढे होऊन आपला पदर त्याच्या हातात दिला. त्यानं हात पुसले आणि विचारलं, "टॉवेल पण गेला वाटतं?" ती म्हणाली, "गेला."

जे हलेल ते बोलायचं, असा तो कायदा. खुर्ची ओढायची तर "खुर्ची ओढतेय" म्हणायचं, बादली वाटेत ठेवायची तर "बादली वाटेत आहे" म्हणायचं, दार उघडं टाकायचं तर किती उघडं तेही सांगायचं. अर्धं उघडलेलं दार पुरतं उघड्या दाराहून वाईट. त्याची कड कपाळाशी गाठ घालते. लेक लहान होती तेव्हा तिला हा खेळ वाटायचा. ती घरभर ओरडत फिरायची, "मी हलले, मी परत हलले." पुढे तिच्या तोंडात ते इतकं बसलं की लग्न होऊन सासरी गेली तेव्हा पहिल्याच दिवशी ती तिथल्या माणसांना "दार लावतेय", "स्टूल सरकवतेय" असं सांगत सुटली आणि सासूनं आपल्या मुलाच्या कानात विचारलं, पोरगी जरा जास्तच बोलकी आहे का रे. हा किस्सा घरात अनेकदा सांगून झाला होता. नवरा दर वेळी हसायचा. पाहुणे आले की पंचाईत. माणसं बसायला म्हणून खुर्ची पुढे घेतात, उठताना तशीच टाकून जातात, आणि ती पाहुण्यांच्या मागे मागे फिरून एकेक वस्तू जिथल्या तिथे लावत राही. हळूहळू पाहुणे यायचे कमी झाले. तिला त्याचं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

नवरा एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे काढायचा. इतरांची घरं, त्यांच्या भिंती, दारं, जिने, दार कुठल्या बाजूला उघडणार ते दाखवणारी पाव वर्तुळं. कचेरीत त्याला सगळे फुटपट्टी म्हणायचे. चहाचा कपसुद्धा बशीच्या मधोमध आहे की नाही हे तो बघे. मग काचबिंदू आला. तो कडेकडेनं आला. आधी कागदाच्या कडा गेल्या, मग रस्त्याच्या, मग माणसांचे खांदे, आणि बराच काळ मधे एक गोल उरला होता. त्या गोलात तिचा चेहरा ठेवून तो बोलायचा. तेव्हा लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती आणि इतकं रोखून कुणी आपल्याकडे बघावं याचं तिला आधी सुख वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्या बघण्याचा अर्थ कळला. तो गोलही मिटला. पण मिटेपर्यंत नवऱ्यानं हे घर पाठ केलं होतं. नकाशा पाठ करावा तसं. संध्याकाळी दिवा न लावता तो भिंतींवरून हात फिरवत हिंडे आणि ती खाटेवर पाय जवळ घेऊन बसून बघत राही. पुढे तो म्हणायचा, माझे डोळे गेले ते बाहेरचे, घरात मला दिसतं. हे तो विनोदानं म्हणे. ती ते विनोदानं ऐकत नसे. त्या वाक्यापायी तिनं एक स्टूलही कधी हातभर सरकवलं नाही, आणि आज ते अख्खं घरच ट्रकमध्ये चढवायला काढलं होतं. म्हणजे माणसाचे उरलेसुरले डोळेही आपण काढून घेतोय, असं तिला बशी गुंडाळता गुंडाळता स्वच्छ वाटलं. वाटलं म्हणून हात थांबले नाहीत. बशीवर बशी चढत राहिली.

गडी गादी घेऊन गेले. घर बोलायला लागलं होतं. रिकामं घर बोलतं, साधं खोकलं तरी उत्तर देतं. तळमजल्यावरच्या या दोन खोल्यांना एकच खिडकी होती आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसभर ट्यूब लावावी लागे. नवऱ्याला त्याचं काही नव्हतं, लेक शाळेत, मग कॉलेजात. त्या ट्यूबच्या उजेडात ती एकटीच राहिली होती. ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात आल्टरेशनचं काम करायची, लोकांच्या विजारी आखूड करायच्या, कंबर आत घ्यायची, बाह्या उसवून पुन्हा लावायच्या, तेही दुकानाच्या मागल्या बिनखिडकीच्या खोलीत. तिकडेही ट्यूब आणि इकडेही ट्यूब. पदरात पडलं आणि पवित्र झालं, असं ती आपल्या मैत्रिणीला म्हणे, आणि मैत्रीण म्हणे, पदर जरा झटकून बघ की. तिला फार काही नको होतं. एक खिडकी हवी होती, जिच्यातून ऊन येतं. त्या खिडकीपाशी टेबल हवं होतं. आणि मनात येईल तेव्हा ते टेबल तिथून काढून दुसरीकडे ठेवता यायला हवं होतं. लोकांच्या बायका दर सहा महिन्यांनी कपाट इकडचं तिकडे करतात, पुन्हा तिकडचं इकडे करतात, नवरे वैतागतात. ते वैतागणंसुद्धा तिला हवं होतं. असल्या गोष्टीचं कुणाला सांगणार. माणसाचे डोळे गेलेत आणि हिला टेबल सरकवायचंय, असं जग म्हणेल, आणि जगाच्या आधी तीच म्हणत होती.

एकदा तिनं सरकवलं होतं. नवरा लेकीकडे चार दिवस राहायला गेला होता. पहिल्याच दुपारी तिनं टेबल उचलून, ओढून, धापा टाकत पुढल्या दारापाशी नेलं. दार सताड उघडं टाकलं. त्या दारात दुपारी थोडा वेळ उन्हाची एक पट्टी पडायची, समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून. त्या पट्टीत टेबल आणि टेबलावर चहा. कपातून वाफ निघताना तिला दिसली. ट्यूबखाली वाफ दिसत नाही, निदान तिला कधी दिसली नव्हती. ती नुसती बसून राहिली. पट्टी टेबलावरून खाली उतरली, उंबऱ्यावर गेली, नाहीशी झाली, तरी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी टेबल पुन्हा त्या चार ठशांवर नेऊन ठेवलं, पायाखाली कागदाची घडी सरकवली, दोन्ही हातांनी दाबून बघितलं. नवरा आला, टेबलाशी बसला, त्यानं तळवा टेबलावर ठेवला आणि तो म्हणाला, "चहा टाकतेस का?" बस, तेवढंच. तिचा जीव भांड्यात पडला. पण ते चार दिवस तिला आतून सुटेनात. दाताच्या फटीत काहीतरी अडकून राहावं आणि जीभ सारखी तिकडेच जावी, तसे ते दिवस होते.

नव्या घराची गोष्ट लेकीनं काढली. तिच्या घराजवळ एक इमारत होत होती. तिसरा मजला, लिफ्ट, खाली औषधांचं दुकान. घर बघायला त्या दोघीच गेल्या. अजून सिमेंटचा वास होता, दारांच्या जागी चौकटी तेवढ्या होत्या. ती दारातून आत शिरली आणि ऊन एकदम गालावर आलं. इतकं आलं की तिनं डोळे मिटून घेतले. लेक म्हणत होती, "आई, इकडे किचन बघ, ओटा किती लांब आहे." तिनं ओटा पाहिला नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याला लिफ्टचं सांगितलं, औषधांच्या दुकानाचं सांगितलं, लेक जवळ असेल ते सांगितलं. सगळी कारणं खरी होती. खरं कारण तेवढं त्यात नव्हतं. नवरा वाद घालील म्हणून तिनं रात्रभर उत्तरं जुळवून ठेवली होती, आणि तो म्हणाला, "बरं. घेऊ या." भरलेली समजून रिकामी घागर उचलावी आणि हात उगाच वर जावेत, तसं तिचं झालं. मग तो म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला तर अख्खी खोली जास्त देतोय." हसला. तिलाही हसावं लागलं. तो इतक्या सहज का हो म्हणाला हे तिला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर त्यानं उलट विचारलं असतं की तुला का हवंय.

धाडस झालं नाही म्हणून तिनं नकाशा केला. मनाला जे टोचतं ते माणूस हातांनी फेडू बघतो. बिल्डरच्या छापील कागदावर घराचा आराखडा होता. तिनं तो एका पातळ पुठ्ठ्यावर ठेवला, खाली घोंगडी दुमडून घातली, आणि दुकानातून आणलेलं दातेरी चाक रेघांवरून दाबून फिरवलं. शिवणकामात कापडावर खुणा उमटवायला ते चाक वापरतात. चाक फिरलं की पुठ्ठ्याच्या मागल्या बाजूला बारीक टोचे वर येत, बोटाला लागतील असे. भिंती टोच्यांच्या झाल्या. दारांच्या जागी तिनं हूक शिवले, खिडकीच्या जागी रिबिनीचा तुकडा, पलंगाला मोठं चौकोनी बटण, कपाटाला लांबट. आणि रिबिनीला लागून, अगदी चिकटून, एक शिंपल्याचं गोल बटण. "हे टेबल," ती म्हणाली. नवऱ्यानं बटणावर बोट ठेवलं. "खिडकीपाशी?" "हो. तिथे जागा आहे." "बरं," तो म्हणाला. मग रोज दुपारी तो पुठ्ठा मांडीवर घेऊन बसायचा. दारातून बोट आत शिरायचं, टोच्यांवरून सावकाश निघायचं, बटणाला वळसा घालायचं, हुकावर थांबायचं. कधी कधी मधेच बोट अडायचं, तो भुवया आक्रसायचा, मागे येऊन पुन्हा निघायचा. त्याचं बोट घरभर चालताना बघून तिला हायसं वाटायचं. गाडं रुळावर येतंय, असं वाटायचं. पुठ्ठ्याच्या कडा मळल्या, टोचे चेपत चालले, मग तिनं ते पुन्हा एकदा चाकानं उठवून दिले.

"बाई, हे खोकं कुठल्या खोलीत?" मुकादम दारात उभा होता. सामान नेणाऱ्यांचा हा मुख्य. पोट सुटलेला, कपाळाला रुमाल बांधलेला, आणि आवाज असा की शेजारपाजारच्यांना वाटावं भांडण लागलंय. त्याच्या हातात बिल्डरचा तो छापील कागद होता. तिनंच सकाळी दिला होता. "माणसांना आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं. तिथे गेल्यावर मग ज्याला त्याला वाटतं तिथे टाकून मोकळे होतात," तो म्हणाला. "म्हणजे आत शिरलं की किचन उजव्या हाताला, हॉलची खिडकी पण उजव्या हाताला. टेबल तिथे घ्यायचं म्हणालात ना?" ती म्हणाली, "डाव्या हाताला." "उजव्या," मुकादम म्हणाला आणि त्यानं कागद तिच्यापुढे धरला. "हे दार. असे आपण आत शिरलो. ही खिडकी." ती कागदाकडे बघत राहिली. मुकादमाची नखं मळलेली होती आणि ते मळकं नख खिडकीवर टेकलं होतं, उजवीकडे. कापडावर खुणा नेहमी उलट बाजूनं करतात. सुलटी बाजू खराब होऊ नये म्हणून. सगळं आयुष्य तिनं उलट बाजूनं खुणा केल्या होत्या आणि कापड उलटं धरून शिवलं होतं, आणि शिवून झालं की ते सुलटं करायचं हा हातांचा मळलेला रस्ता होता. पुठ्ठा कुणी सुलटा करत नाही. टोचे मागे उठले, तिनं मागल्याच बाजूला हूक आणि बटणं लावली, आणि तीच बाजू नवऱ्याच्या मांडीवर दिली. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे आलं. गेले कित्येक दिवस तो एका घरात चालत होता आणि तसं घर कुठेच नव्हतं.

"बाई?" मुकादम म्हणाला. "हं. खरंय. उजवीकडे," ती म्हणाली. तिला बसावंसं वाटलं, पण बसायला काही उरलं नव्हतं. नवरा आतल्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर टेकून होता. हातात तो पुठ्ठा. बाकी सगळं बांधलं, पण तो पुठ्ठा त्यानं कुणाला बांधू दिला नव्हता. बोट चाललं होतं. तिनं दारातून पाहिलं आणि तिला रडू आलं. ते तिनं आवाजाशिवाय रडून घेतलं, कारण या घरात आवाज कधी लपायचा नाही. सांगायला हवं, ती मनाशी म्हणाली. पण काय सांगायचं. अहो, मी तुम्हाला उलटं घर शिकवलंय. आणि का, तर मला खिडकीपाशी बसायचंय. त्या दोन वाक्यांना जोडणारं मधलं वाक्य नव्हतं तरी ती दोन्ही तिच्या मनात लागोपाठच येत होती. टॅक्सीत सांगू, तिनं ठरवलं. टॅक्सीत ड्रायव्हरसमोर कसं सांगायचं, असंही लगेच ठरवलं.

घर सोडताना नवऱ्यानं फार काही केलं नाही. दाराच्या चौकटीला वरून खाली एकदा हात लावला. "दार लावतेय," ती म्हणाली. "लाव," तो म्हणाला. टॅक्सीत तो तिच्या उजव्या हाताला बसला होता आणि पुठ्ठा गुडघ्यांवर. बाहेर दुकानं, सिग्नल, एका भिंतीवर वाळत घातलेल्या सतरंज्या. उन्हाचे तुकडे त्याच्या हातांवर येत होते आणि जात होते. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, म्हणतात. दोन्ही पाहून झाली होती आणि दोन्हीत तिला वाटलं होतं की आपण फार विचार करून पाऊल टाकतोय. "तुम्हाला भीती वाटते का हो?" तिनं विचारलं. त्यानं पुठ्ठा गुडघ्यांवर नीट केला. मग म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस. मग सवय होते." भीती वाटते की नाही हे त्यानं सांगितलं नव्हतं, आणि ते तिच्या लक्षात आलं.

लेक लिफ्टपाशी उभी होती. तिनं बापाचा हात धरला, "बाबा, लिफ्टचं दार बंद होतंय," असं सवयीनं सांगितलं, वर नेलं, आणि पुढल्या सामानावर नजर ठेवायला पुन्हा खाली गेली. दार उघडंच होतं. ऊन दारापर्यंत आलेलं. नवरा उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबला आणि त्यानं तोंड जरा उजवीकडे वळवलं. त्याच्या उजव्या गालावर ऊन पडलं होतं, खुंट वाढलेल्या दाढीवर, पांढरं. ती सांगायला लागली, "अहो, त्या पुठ्ठ्याचं", आणि तेवढ्यात मागून मुकादमाचा आवाज आला, "सरका, सरका, टेबल आलं." दोघा गड्यांनी टेबल आडवं करून दारातून घेतलं, हॉलच्या मधोमध आणून सुलटं केलं आणि हातांवर तोलून धरलं. "बोला बाई. खिडकीपाशी ना?" तिनं खिडकीकडे पाहिलं. तिथे टेबलाएवढी ऊन पडलेली जागा होती, जशी काही टेबलासाठीच राखलेली. मग तिनं डावीकडे पाहिलं. डावीकडे कोरी भिंत होती. नवऱ्याच्या बोटांत जी खिडकी होती, ती तिथे होती. घर काही उलटं करता येत नव्हतं. टेबल हलवता येत होतं. निदान एका वस्तूपाशी तरी त्याच्या हाताला जे शिकवलं ते खरं निघावं. "भिंतीपाशी ठेवा," ती म्हणाली. "डावीकडे." "खिडकीपाशी ठेवा," नवरा म्हणाला. "उजवीकडे." गडी एक पाऊल डावीकडे गेले, एक उजवीकडे आले. मुकादम म्हणाला, "काय ते दोघांत एकदा ठरवा हो. टेबल हलकं नाही, पोरांचे हात भरून आलेत."

"उजवीकडे," नवरा पुन्हा म्हणाला आणि त्यानं बोलताना उजवीकडेच बोट केलं, नेमकं खिडकीवर. टेबल ठेवल्याचा आवाज आला. मागून एक खुर्ची आली, तीही टेबलाशी लागली, आणि मुकादम माणसांना हाका मारत जिन्यानं खाली गेला. ती उभी राहिली होती. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच कळलं," नवरा म्हणाला. "तू घर बघून आलीस तेव्हा बोलता बोलता तुझ्या तोंडून काय निसटलं? आत शिरलं की उजव्या गालावर ऊन येतं. तुझ्या पुठ्ठ्यावर ते डाव्या गालावर येत होतं. आणि अगं, कचेरीत ट्रेसिंगचे पारदर्शक कागद किती उलटेसुलटे केलेत मी." "मग बोलला का नाहीत?" "तू ते बटण किती हौसेनं लावलं होतंस. कधी काही मागितलंस का तू? म्हटलं, एवढं मनातल्या मनात उलटं करून घेईन. त्यात काय आहे." पुठ्ठ्याच्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला. "डोकं करतं उलटं. बोटं नाही करत. रोज करून बघितलं. सकाळी तिकडचं टेबल गेलंय हेही मला ऐकू येत होतं. खोली सगळी घुमत होती. पण पाय ऐकेनात." ती म्हणाली, "आपण दुसरा करू. सुलटा." "करू," तो म्हणाला, मुलांना म्हणतात तसं. मग जरा हसून म्हणाला, "त्या वेळी मी लेकीकडे गेलो होतो तेव्हा तू टेबल हलवलं होतंस. पायाखालची घडी फिरवून लागली होती, टेबल दुसऱ्या अंगाला डुगडुगत होतं. मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. नाही सांगितलंस. तेव्हाच ठरवलं होतं की कुणी घराचं काढलं तर हो म्हणायचं. बैस जा तिथे. बसून बघ."

ती गेली आणि बसली. ऊन हातांवर आलं. तिचे स्वतःचे हात तिला इतके नीट कधी दिसले नव्हते, बोटांच्या टोकांना सुईनं टोचून टोचून निबर झालेली कातडी, अंगठ्यावरचा कात्रीचा घट्टा, मनगटावरच्या हिरव्या शिरा. टेबलाच्या लाकडात रेघा होत्या, त्याही आता दिसल्या. ऊब टेबलातून कोपरांत चढत होती. तिला सुख झालं. ते नाकारण्यात अर्थ नव्हता, सुख झालं, आणि त्याच्या पोटातच दुःख होतं, दोन्हींना वेगळं करता येत नव्हतं. ही खिडकी तिला चोरून हवी होती तेव्हा ती तिची होती. आता ती त्यानं दिलेली झाली, आणि त्यानं ती कशातून काढून दिली हे तिला कळलं होतं. "कसं वाटतंय?" नवऱ्यानं दारातून विचारलं. "ऊन आहे," ती म्हणाली. "मग मी पण येतो. उठू नकोस. येतो मी माझा."

तो निघाला. पहिली काही पावलं सरळ पडली. तोंड तिच्याकडे, उजवीकडे होतं, कान तिच्या श्वासावर असणार. आणि मग हॉलच्या मधे त्याचे पाय वळले. डावीकडे. चेहरा तिच्याकडेच राहिला आणि पाय त्याला कोऱ्या भिंतीकडे घेऊन चालले. त्यानं कमरेच्या उंचीवर हात पुढे धरला, नसलेल्या कोपऱ्याभोवती वळसा घेतला, आणि खुर्चीच्या पाठीसाठी हात लांब केला. हात हवेत राहिला. तो तसाच उभा राहिला, बोटं किंचित वाकवून, आता लाकूड हाताला लागेल म्हणून थांबल्यासारखा. चुकलंय हे त्याला कळलं होतं. ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. पण कुठून चुकलं हे कळेना, आणि कुठे परत जायचं तेही कळेना, कारण परत जायला इथे काहीच पाठ नव्हतं. तिकडच्या घरात एवढ्या वर्षांत तो आंधळा दिसला नव्हता. इथे दिसला. उजवीकडे या, असं तिथूनच सांगता आलं असतं. ती उठली. खुर्ची ओढतेय हे तिनं सांगितलं नाही. ती मोकळ्या फरशीवरून चालत गेली आणि त्याच्या त्या लांब केलेल्या हाताखाली, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. बोटं खाली आली आणि तिच्या खांद्यावर टेकली.

"खुर्ची?" तो म्हणाला.

"मी आहे."

त्याची बोटं खांद्यावरून थोडी सरकली, ब्लाउजच्या शिवणीवर थांबली. "तू कशाला उठलीस? ऊन गेलं का तिथलं?"

"नाही. आहे अजून." तिला ते तिथून दिसत होतं. खिडकी, टेबल, मागे सरकलेली खुर्ची, आणि खुर्चीवर पडलेलं ऊन. जिन्यात मुकादमाचा आवाज वर येत होता, कपाट आलं असावं.

"मग?"

"मी इथे उभी आहे," ती म्हणाली. "हलत नाही. तुम्ही सावकाश वळा."

त्यानं मान हलवली. मग खांद्यावरचा हात न काढता, पाय आधी चाचपून बघत, तिला वळसा घालून तो खिडकीकडे निघाला.